आठ दिवसांच्या बोलीवर कॅमेरा

नंबरकाकांनी चष्म्याचा नंबर लिहून द्यायचा एक कोरा कागद पुढे ओढला आणि 'उजवा डोळा' या रकान्याखाली कॅमेऱ्याचे गुण लिहायला घेतले. दोषांसाठी 'डावा डोळा' हा रकाना होता. बत्तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या माणसाला कुठल्याही प्रश्नासाठी हे दोन रकाने पुरेसे वाटतात. अर्ध्या तासात उजवा डोळा कागदाच्या तळापर्यंत भरला. डाव्या डोळ्यात एकच शब्द होता, तोही बारीक अक्षरात: किंमत.

"आणि पडदा?" गल्ल्यामागून काकूंनी विचारलं.

"कसला पडदा?"

"मागचा. काढलेला फोटो ज्यात दिसतो तो. याला पडदा नाही, असं तुम्हीच काल म्हणालात. तो दोषात लिहा की."

"अगं, तो गुणात आहे. हा बघ, चौथा." नंबरकाकांनी कागद वर धरला. "पडदा नाही म्हणजे सारखं खाली बघणं नाही. फोटो काढला की पुढे चालायचं. कसा आला ते घरी येऊन कॉम्प्युटरवर बघायचं."

"म्हणजे पडदेवाल्यापेक्षा स्वस्त असेल."

"नाही. थोडा महाग आहे."

काकू टपाल खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी पत्रं निवडली होती. अपुऱ्या पत्त्याचं पाकीट हाती आलं की त्या ते न रागावता बाजूला ठेवत. हे वाक्यही त्यांनी तसंच बाजूला ठेवलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

"मोबाईलमध्ये फोटो आपोआप स्पष्ट येतो. यात येतो ना?"

"नाही. तीच तर मजा आहे." नंबरकाका खुर्चीत पुढे सरकले. "याला वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी आहे. तिच्यातून बघायचं. मधोमध एक उजळ चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरची वस्तू दोनदा दिसते. मग भिंगावरची कडी फिरवायची. फिरवता फिरवता दोन्ही चित्रं एकमेकांवर येऊन बसली, की अंतर जुळलं. मग बटण दाबायचं. यंत्र काही ठरवत नाही, माणसाची नजर ठरवते."

"म्हणजे पडदा नाही, आपोआप काही होत नाही, आणि वर महाग."

"गुण क्रमांक चार, एक आणि सात," नंबरकाका समाधानाने म्हणाले.

त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची कोणाला गरज पडत नसे. डोळ्यांचा नंबर काढून देतात ते नंबरकाका, एवढं साऱ्या रस्त्याला माहीत होतं. त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी माणसंसुद्धा त्यांना काकाच म्हणत.

अडचण अशी होती, की दुकानाने बाजूला ठेवलेल्या पैशांवर आधीच दुसऱ्या एका वस्तूचा डोळा होता. नंबरकाकांची मुलगी डोळे तपासायचं रीतसर शिक्षण घेऊन वर्षभरापासून दुकानात बसत होती. तिला मशीन हवं होतं. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवायची, आत बघायचं, आणि मशीनने मिनिटभरात नंबर छापून द्यायचा. किंमत कॅमेऱ्याएवढीच. साठलेल्या पैशांत एक तर कॅमेरा येत होता, नाहीतर मशीन. काकूंचे निवृत्तीचे पैसे वेगळे होते, पण बायकोच्या पैशाला हात लावायचा नाही, हा नंबरकाकांचा बाणा होता. काकूंनीही तो मोडायचा आग्रह कधी केला नव्हता.

"बाबा, आता सगळीकडे मशीन आहे," मुलगी म्हणाली. "लोक विचारतात."

"लोक माझ्याकडे मशीनसाठी येत नाहीत. माझ्या नजरेसाठी येतात. माझी नजर शाबूत आहे तोवर मशीनची गरज काय?"

यावर बोलणं दर वेळी थांबत असे. या वेळी मात्र काकूंनी ते पुढे नेलं. समोरचे रीळवाले आठ दिवस वापरून बघायला कॅमेरा देताहेत ना, मग आणा. आठ दिवसांत कॅमेऱ्याने काम चोख केलं तर कॅमेरा घ्यायचा. त्याच्यात खोट निघाली तर मशीन घ्यायचं, आणि कॅमेऱ्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. ही बोली नंबरकाकांनी इतक्या चटकन मान्य केली, की मुलीला फसल्यासारखं वाटलं.

रीळवाल्यांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर होतं. तिथे रीळ मिळेनासं होऊन पंधरा वर्षं झाली होती. नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांनी कॅमेरा मऊ कापडात गुंडाळून दिला, दोनदा हात फिरवला आणि म्हणाले, "काका, जपून. मीही अजून नीट हाताळलेला नाही."

पहिल्या दिवशी नंबरकाकांनी बरोबर छत्तीस फोटो काढले. रिळाच्या दिवसांतली सवय. प्रत्येक फोटोला त्यांनी खिडकीतून बघितलं, कडी फिरवली, दोन चित्रं एक झाल्याची खात्री केली आणि मगच बटण दाबलं. संध्याकाळी तिघंही घरच्या कॉम्प्युटरसमोर बसली. पहिला फोटो मुलीचा होता. मुलगी धुक्यात होती. तिच्या मागे भिंतीवरचा विजेचा फलक मात्र असा खणखणीत आला होता, की त्यावरचे स्क्रू मोजता आले असते. दुसऱ्यात मुलगी धुक्यात आणि पुढ्यातला टेबलाचा कोपरा स्पष्ट. बाराव्या फोटोत काकू होत्या, म्हणजे असाव्यात, आणि त्यांच्या डोक्यामागे छताच्या कोपऱ्यात एक कोळ्याचं जाळं, तार न् तार वेगळी.

"ते जाळं उद्या काढायला हवं," काकू म्हणाल्या.

छत्तीसपैकी एकाही फोटोत ज्याच्यासाठी फोटो काढला ते स्पष्ट नव्हतं. नंबरकाका रात्री जेवले कमी.

सकाळी ते कॅमेरा घेऊन पलीकडे गेले. "रीळवाले, तुमच्या या खिडकीत दोन चित्रं एक होतात, पण फोटोत होत नाहीत. आतली जोडणी हललेली दिसते."

रीळवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, कडी फिरवली, दारात उभ्या नंबरकाकांचा एक फोटो काढला आणि आपल्या कॉम्प्युटरवर उघडला. नाकातले केससुद्धा मोजून घ्यावेत इतका तो स्पष्ट होता.

"दुकानात बरा चालतो," नंबरकाका म्हणाले. "बाहेर नेला की बिघडतो."

असा कॅमेरा रीळवाल्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता, पण ते भिडस्त गृहस्थ होते आणि त्यांच्या नाकावरचा चष्मा नंबरकाकांनीच करून दिलेला होता. त्यांनी मागवलेल्या दोनपैकी दुसरा कॅमेरा काढून दिला. दुसऱ्यानेही तेच केलं. मग हात हलत असेल म्हणून नंबरकाकांनी तीन पायांची घोडी आणली. तरी तेच. मग श्वासाने हलत असेल म्हणून ते श्वास रोखून फोटो काढू लागले. दुकानात फ्रेम निवडायला आलेल्या एका बाईंना त्यांनी घोडीसमोर बसवलं आणि वीस मिनिटं बसवून ठेवलं. बाईंना वाटलं, तपासणीची ही नवी पद्धत असेल. त्या जाताना विचारून गेल्या, की रिपोर्ट कधी मिळेल.

तिसऱ्या दिवशी नंबरकाकांनी ठरवलं, की आता त्रयस्थ माणूस पाहिजे. त्रयस्थ म्हणून घरात काकूच होत्या.

"मी?" काकू म्हणाल्या. "मला काय कळतंय यातलं?"

"म्हणूनच तू. काही कळत नसलेल्या माणसाच्या हातून फोटो धुरकट आला, की दोष कॅमेऱ्याचा हे सिद्ध झालं."

या तर्कात कुठेतरी भोक होतं, पण काकूंनी ते शोधलं नाही. त्यांनी खिडकीला डोळा लावला. थोडा वेळ काहीच केलं नाही. मग एका बोटाने कडी हळूहळू फिरवत नेली, थोडी मागे आणली आणि बटण दाबलं. असे दहा फोटो काढले. दहाच्या दहा स्पष्ट.

"नशीब," नंबरकाका म्हणाले.

"असेल."

"उद्या पुन्हा बघू. बाहेर, उजेडात."

दुसऱ्या दिवशी निव्वळ तपासणी म्हणून काकू कॅमेरा गळ्यात घालून दूध आणायला गेल्या. पाऊण तासाने परत आल्या, त्या दूध न घेता. कॅमेऱ्यात एकेचाळीस फोटो होते. बस थांब्यावर जांभई देणारी बाई. तोंडात दोरा धरून सुई ओवणारा शिंपी. पायरीवर झोपलेल्या कुत्र्याच्या कानाची फक्त कड. सगळे फोटो असे स्वच्छ, की मुलगी एकेकाशी थांबून थांबून बघत राहिली.

"हे स्पष्ट आलेत," नंबरकाका बराच विचार करून म्हणाले, "कारण तू विचार न करता काढतेस."

"असेल. दूध आणायचं राहिलं, ते तेवढं आणता का?"

दुधाचं भांडं घेऊन जाताना नंबरकाकांच्या मनात गोष्ट पक्की झाली. कॅमेरा रीळवाल्यांच्या हातात चालतो, बायकोच्या हातात चालतो, आपल्या हातात चालत नाही. म्हणजे कॅमेरा माणूस बघून वागतो. हा दोष तर फारच गंभीर होता. त्यांनी तो डाव्या डोळ्याच्या रकान्यात लिहिला आणि खाली रेघ ओढली. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यांना येत होती. पण आपल्याला नाचता येत नाही हे जोवर माणसाला ठाऊक नसतं, तोवर त्याला अंगण खरोखरच वाकडं दिसतं.

इथवर प्रकरण घरातलं होतं. पाचव्या दिवशी ते बाहेर गेलं. नंबरकाका रीळवाल्यांच्या काउंटरवर उभे राहून तिसरा कॅमेरा मागवा असं सांगत असताना शेजारी भूगोलाचे मास्तर उभे होते. सेवानिवृत्तीनंतर डोंगर हिंडायचे आणि फोटो काढायचे, असा त्यांचा बेत होता, आणि तोच कॅमेरा घ्यायला ते आले होते. त्यांनी नंबरकाकांचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"नंबरकाकांच्या डोळ्यांना जो पटत नाही, तो आपण कसा घ्यावा?" मास्तर म्हणाले. "जरा थांबतो." आणि ते गेले.

रीळवाल्यांनी वर्षभर वाट बघितलेलं गिऱ्हाईक पायऱ्या उतरून जाताना बघितलं. ते रागावले नाहीत, पण त्यांनी काचेची पेटी पुसली, पुन्हा पुसली, आणि मग फोन उचलून कॅमेऱ्याच्या कंपनीला लावला. "माझी अब्रू जाते आहे," ते फोनवर म्हणाले. "माणूस पाठवा."

सातव्या दिवशी कंपनीच्या तंत्रज्ञ बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या पेटीत पोलादी पट्टी, बारीक पेचकस आणि तिरपी उभी करायची एक मोजपट्टी होती. तासभर त्यांनी दोन्ही कॅमेरे तपासले. नंबरकाका शेजारी स्टुलावर बसून बघत होते. मुलगी त्यांना जेवायला बोलवायला आली होती, तीही दारात थांबली.

"दोन्ही अचूक आहेत," बाई म्हणाल्या. "केसभरही फरक नाही."

"तुमची पट्टी तपासलेली आहे का?"

"वर्षातून दोनदा तपासतो."

"मग राहिलं काय?" नंबरकाकांनी विचारलं.

काय राहिलं ते दुकानातल्या प्रत्येकाला दिसत होतं, पण बोलायचं कोणी? रीळवाले काचेच्या पेटीकडे बघू लागले. शेवटी बाईच बोलल्या. "तुम्ही तुमचा चष्मा शेवटचा कधी बदललात?"

"बाई, मी चष्मेवाला आहे."

"म्हणूनच विचारलं. चष्मेवाले सहसा बदलत नाहीत."

नंबरकाकांना हसू आलं. आचाऱ्याला कोणी विचारावं, जेवलात का कधी, तसला हा प्रश्न. "माझी नजर उलट सुधारतेय," ते म्हणाले. "सहा महिने झाले, पेपर वाचायला मला चष्मा लागत नाही. आणि रोज सकाळी दुकान उघडलं, की पहिलं काम म्हणजे अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची. वीस फुटांवरून. आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्या. बत्तीस वर्षांत एक अक्षर चुकलेलं नाही. चला, दाखवतोच तुम्हाला."

"बाबा, आत्ता नको," मुलगी घाईने म्हणाली. "गिऱ्हाईक बसलंय."

"बसू दे. त्यालाही कळेल."

रस्ता ओलांडून सगळे चष्म्याच्या दुकानात आले, तर गिऱ्हाईक म्हणजे भूगोलाचे मास्तर निघाले. नव्या चष्म्यासाठी ते बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारी रीळवाले बसले, तंत्रज्ञ बाई दाराशी उभ्या राहिल्या. काकू गल्ल्यामागे होत्या, त्यांनी हातातली पावती खाली ठेवली. नंबरकाका जमिनीवरच्या पितळी पट्टीमागे पाय जुळवून उभे राहिले. समोर वीस फुटांवर भिंतीवर तक्ता होता. त्यांनी डावा डोळा तळव्याने झाकला.

"वरच्या ओळी सोडून देतो," ते म्हणाले. "त्या कोणालाही दिसतात. एकदम शेवटची घेतो. ग, ठ, म, र, च, ल, ब."

मग उजवा डोळा झाकला आणि तीच अक्षरं पुन्हा म्हटली, आणखी थोडी जलद. "झालं समाधान?"

मुलगी खाली बघत होती. भिंतीवर लावलेलं काहीही वाचून दाखवायचं, हा मास्तरांचा सदतीस वर्षांचा धंदा होता, त्यांना राहवलं नाही.

"सात, दोन, नऊ, चार, तीन, सहा, पाच," ते म्हणाले.

"मास्तर, हे काय?"

"शेवटची ओळ. आकडे आहेत हो तिथे."

"बाबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तक्ता मी परवा बदलला. वरच्या दोन ओळी अक्षरांच्या आहेत. त्यांच्या खाली सगळे आकडेच आहेत."

नंबरकाकांनी तक्त्याकडे पाहिलं. मग ते हळूहळू चालत त्याच्याकडे निघाले. निम्मं अंतर गेल्यावर त्यांना सात दिसला. आणखी तीन पावलांवर दोन आणि नऊ. तिथेच ते थांबले.

"परवा बदललास?"

"हो. तुम्ही चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागलात तेव्हापासून मला शंका होती. जुना तक्ता तुम्हाला पाठ असणार, म्हणून नवा लावला."

"मग काल सकाळी मी जे वाचलं…"

"ऐकलं मी. आजही ऐकलं. ग, ठ, म, र. कसं सांगावं ते कळेना."

अशा वेळी म्हणी फार जवळ येऊन उभ्या राहतात. रीळवाल्यांच्या ओठांवर दिव्याची आणि अंधाराची एक आलीच होती, पण त्यांनी ती गिळली. तंत्रज्ञ बाईंनी पेचकस मोजून पेटीत ठेवले. मास्तरांना वाटलं, आपल्यामुळे झालं, आपणच काहीतरी चांगलं बोललं पाहिजे.

"पाठांतर मात्र पक्कं आहे," ते म्हणाले.

सगळे गेल्यावर नंबरकाका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांना मनापासून लाज वाटत होती. जवळचं आपोआप दिसायला लागणं ही म्हातारपणी सुधारणा नसते, मोतीबिंदूची सुरुवात असते, हे वाक्य त्यांनी हजार गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते खुशाल चार माणसांत बढाई मारत हिंडले होते. मुलीने काही न बोलता तपासणीची चौकट त्यांच्या नाकावर बसवली आणि एकेक भिंग घालत गेली. "आधीचं बरं, की हे बरं?" तिने विचारलं. हा प्रश्न बत्तीस वर्षं ते दुसऱ्यांना विचारत आले होते, आणि त्याचं उत्तर देणं इतकं अवघड असतं हे त्यांना आज समजलं.

उजव्या डोळ्याचा नंबर दीडने वाढला होता, डाव्याचा एकाने. मोतीबिंदूला वेळ होता, पण तो आलेला होता.

"मशीन मागव," नंबरकाका म्हणाले.

"पण बाबा, बोली तशी नव्हती. कॅमेऱ्यात खोट निघाली तर मशीन, असं ठरलं होतं. कॅमेऱ्यात खोट निघाली नाही. तुम्ही जिंकलात."

ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. काकूंनी मान हलवली. हिशेब बरोबर होता. कॅमेरा नंबरकाकांचा झाला होता.

नंबरकाकांनी चौकट नाकावरून काढली. कॅमेरा समोर टेबलावर होता आणि तो त्यांना फार हवा होता. हे त्यांनी नंतरही कधी नाकारलं नाही. "कॅमेरा पास झाला गं," ते म्हणाले, "मी नापास झालो. तू मशीन मागव. त्याला काही पाठ नसतं."

नवा चष्मा तयार झाल्यावर ते कॅमेरा परत करायला गेले. दुकानातल्या सर्वांत मऊ कापडाने त्यांनी तो आधी पुसला होता. रीळवाल्यांची त्यांनी चार शब्दांत माफी मागितली. रीळवाले म्हणाले, "आता नव्या चष्म्यातून एकदा बघा तरी." नंबरकाकांनी खिडकीला डोळा लावला. रस्त्यापलीकडे बस थांब्याचा खांब होता. उजळ चौकोनात दोन खांब दिसले, कडी फिरवताच ते सरकत जवळ आले आणि एक झाले. एवढं स्वच्छ त्यांनी वर्षभरात काही पाहिलं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं नाही. कॅमेरा काचेवर ठेवला आणि आपल्या दुकानात निघून आले.

चारच दिवसांनी पलीकडच्या काचेच्या पेटीत ती जागा रिकामी दिसली.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला," रीळवाले म्हणाले. "रोखीने." आणि एकाएकी पेटी पुसू लागले.

रोखीने घेणारं गिऱ्हाईक कोण, हे सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी मास्तर आपला चष्मा न्यायला आले, तेव्हा नंबरकाकांनी कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त चष्म्याच्या दांड्या कानामागे जरा घट्ट बसवल्या.

मशीन आलं त्या दिवशी सकाळीच मुलीने त्यांना पहिल्यांदा बसवलं. "हनुवटी या पट्टीवर. कपाळ वर टेकवा. आत एक रस्ता दिसेल आणि त्याच्या टोकाला लाल घर. घराकडे बघत राहायचं. तोंड बंद, हलायचं नाही."

नंबरकाकांनी हनुवटी टेकवली. लाल घर आधी पुसट होतं, मग आपलं आपण स्पष्ट झालं. तेवढ्यात डाव्या हाताला कुठेतरी एक हलका आवाज झाला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ते वळणार, इतक्यात दोन आवाज एकदम म्हणाले, "हलू नका."

डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना काकू दिसल्या. त्या गल्ल्यापाशी एक गुडघा टेकवून बसल्या होत्या, कॅमेरा डोळ्याला लावला होता आणि एका बोटाने कडी फिरवत होत्या.

"अगं, हा तर मास्तरांनी घेतला ना?" नंबरकाका दात न उघडता म्हणाले.

"मास्तरांनी चष्मा घेतला. कॅमेरा मी घेतला."

"तू? आणि इतकी किंमत?"

"माझ्या पैशाला तुम्ही हात लावत नाही, म्हणून साठले होते."

"पण नीट विचार तरी केलास का? गुण, दोष…"

"दोष तुम्ही आठ दिवस शोधलात," काकू म्हणाल्या. "सापडला नाही. मग मी पुन्हा कशाला शोधू?"

मशीनने चिठ्ठी छापायला सुरुवात केली. मुलगी हसत होती, पण तिने चिठ्ठीवरून नजर काढली नाही.

"बाबा, अजून डावा डोळा राहिलाय. बोलू नका."

नंबरकाकांनी अगदी लहान आवाजात, हनुवटी न उचलता विचारलं, "मला कधी देशील का वापरायला?"

"देईन की," काकू म्हणाल्या. "पण आधी हा एक काढू दे. एका जागी इतके गप्प बसलेले तुम्ही पुन्हा कधी सापडणार?"

नंबरकाकांनी हनुवटी पट्टीवर नीट टेकवली आणि ते लाल घराकडे बघत राहिले.